कुसळीचा माळ आणि पाच शून्यं

मोज्यात कुसळ शिरलं की मला समजतं, दिवाळी सरली. कॅलेंडर बघायची गरज नाही. टेकडीवरून उतरावं, दाराशी बूट काढावेत आणि मग अर्धा तास गॅलरीत बसून एकेक कुसळ उपटत राहावं. ती सरळ निघत नाहीत. ओढली की तुटतात, अर्धी आत राहतात आणि पुढच्या वेळी मोजा चढवला की नेमकी घोट्याला टोचतात. सून म्हणते, "आई, फेकून द्या ना ते मोजे, नवीन आणू." नवीन मोज्यांना काय कुसळं लागत नाहीत? पण मी बोलत नाही. पासष्टी उलटली की घरात किती बोलायचं याचा अंदाज येतो.

यंदाही कुसळं आली आणि त्यांच्या पाठोपाठ, दरवर्षीच्या नेमाने, सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज आला. 'रविवारी सकाळी साडेसहा. टेकडी क्लीन-अप. ड्राय ग्रास कटिंग आणि रोपांसाठी खड्डे. ग्लोव्ह्ज मिळतील. नंतर पोहे.' खाली अंगठे, जोडलेले हात, हिरवी पानं. मी फोन उपडा ठेवला. डोकंच तडकलं. हे लोक वाईट असते तर बरं झालं असतं, निदान कडकडून भांडता आलं असतं. पण नाही, सगळे चांगले आहेत. रविवारची झोप मोडून येतात, स्वतःच्या खर्चाने रोपं आणतात, उन्हाळ्यात पाण्याचे कॅन खांद्यावरून वर नेतात. आणि दरवर्षी अगदी मनापासून, अगदी प्रेमाने, टेकडीवरचं गवत मुळापासून खरवडून काढतात.

गवत म्हणजे यांच्या लेखी कचरा. पावसाळ्यात हिरवं असतं तोवर त्याचे फोटो काढायचे. पिवळं पडलं की ते 'ड्राय ग्रास'. पिवळ्या गवताला आमच्या कर्वेनगरात कोणी वाली नाही.

माझं हे चिडणं आजचं नाही, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. ते सुरू झालं लोणी काळभोरच्या पलीकडे, एका माळावर, असाच पिवळा हंगाम होता तेव्हा. मी एम.फिल. करत होते. विषय भारदस्त होता : 'गवताचे आच्छादन आणि माळरानावरील लहान सस्तन प्राणी'. घरी त्याचं भाषांतर एका शब्दात व्हायचं. उंदीर. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "स्थळाकडच्यांनी विचारलं मुलगी काय करते, तर सांगायचं काय? लोणीला जाऊन उंदीर मोजते?" आई म्हणायची, "प्राणिशास्त्र म्हणा." "प्राणिशास्त्रच की," बाबा म्हणायचे, "प्राणी कोणता ते विचारलं म्हणजे पंचाईत."

उंदीर मोजायचे तर आधी ते जिवंत धरायला हवेत. त्यासाठीचे पिंजरे परदेशी मिळत आणि आमच्या विभागाला ते परवडणारे नव्हते. मग रविवार पेठेतल्या हुसेनचाचांना गाठलं. ते पत्र्याचं काम करायचे. चाळण्या, नरसाळी, गाळणी. मी कागदावर आकृती काढून नेली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. "मारायचा नाय?" नाही. "इजा नाय करायची?" नाही. "मग धरायचा कशाला, बेटा?" मोजायचा आणि सोडून द्यायचा, मी म्हटलं. चाचांनी चष्मा काढला, शेजारच्या दुकानदाराला हाक मारली आणि म्हणाले, "इकडे या जरा, ऐका ही मुलगी काय म्हणते." पण काम चोख केलं. गोडेतेलाच्या जुन्या डब्यांचे चाळीस पिंजरे, आतल्या पट्टीवर पाय पडला की दार खटकन मिटायचं. त्या दाराची धार त्यांनी कानशीने घासून बोथट केली, शेपटी सापडून कापू नये म्हणून. ती काळजी मी सांगितलेली नव्हती.

माळ होता तात्यांचा. तात्या म्हणजे पन्नाशीचे, उभट, कानात भिकबाळीची भोकं आणि बोलण्यात घाई नाही. खाली त्यांचा मळा होता, ऊस होता, वर मुरमाड माळाचे दोन मोठे तुकडे, मध्ये दगडी बांध. एका तुकड्यात गावाची गुरं, मेंढरं चरायची. दुसरा तुकडा मला हवा होता न चरलेला, न कापलेला, होळीपर्यंत. खरं तर दिवाळीनंतर ते गवत कापून तात्या गंजी रचत. मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "ताई, शिकायसाठी हाय ना? मग ऱ्हाऊ द्या की. आपलं काय एका साली अडत नाय." आणि त्यांनी चारी कोपऱ्यांना चुना लावलेले दगड मांडले. चुन्याचे दगड म्हणजे हे कुरण राखलेलं आहे, इथे गुरं घालायची नाहीत, हे आसपासच्या सगळ्या गुराख्यांना माहीत. कुंपण नाही, पाटी नाही, नुसते चार पांढरे दगड. तीन महिने एक शेळी आत शिरली नाही.

दर पंधरवड्याला मी चार दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला असायचे. दिवस कलला की दोन्ही तुकड्यांत वीस-वीस पिंजरे मांडायचे, आत बाजरी आणि शेंगदाण्याचा कूट. उजाडताना उघडायचे. सापडलेला प्राणी उशीच्या अभ्र्यात घ्यायचा, काट्याला टांगून वजन करायचं, पाठीवरचे चार केस कात्रीने कापून खूण करायची आणि जिथे धरला तिथे सोडायचा. बोटं थंडीने आखडलेली, अभ्र्यात तो जीव थरथरतोय, आणि शेणाच्या धुराचा वास खालच्या मळ्यातून वर येतोय. मला तेव्हा जगातली सगळ्यात महत्त्वाची बाई आपणच आहोत असं वाटायचं. हसू नका, खरंच वाटायचं.

गवत बाहेरून बघितलं तर नुसतं हलणारं पिवळं पिवळं काहीतरी असतं. ते बघायचं तर पोटावर पालथं पडावं लागतं. मी पडायचे. कुसळं साडीत, केसांत, पाठीत. हाताने गवत बाजूला केलं की खाली रस्ते दिसायचे. दोन बोटं रुंद, गुळगुळीत, एका ठोंबापासून दुसऱ्या ठोंबापर्यंत गेलेले. कुठे कुरतडलेल्या काड्यांचा ढीग, कुठे बियांची टरफलं, कुठे गवताच्या पात्यांचं विणलेलं, लिंबाएवढं घरटं. ऑक्टोबरच्या उन्हात चरलेल्या तुकड्यात हात टेकला तर चटका बसायचा. बांध ओलांडून गवताखाली हात घातला की जमीन गार आणि किंचित ओली. आणि वर कापशी. पांढरी-करडी घार, एका जागी पंख फडफडवत हवेत उभी. चरलेल्या तुकड्यावर तिला सगळं दिसायचं, पण घ्यायला फारसं काही नसायचं. गवतावर मात्र ती ताटकळायची, कारण आत सगळं होतं आणि तिला दिसत नव्हतं. कुठेतरी कोणी चुकून बाहेर यायचं, तेव्हा तिचं पोट भरायचं. हा सगळा कारभार त्या गुडघाभर गवतावर चाललेला होता.

एका मुक्कामात राखलेल्या तुकड्यात सापडलेले प्राणी मोजायला हातापायाची बोटं पुरत नसत. अंगठ्याएवढे बारके उंदीर, मऊ केसांचे थोराड, मधूनच एखादी संतापलेली चिचुंद्री. चरलेल्या तुकड्यात एका हाताची बोटंही जास्त व्हायची आणि तिथे बहुतेक एकच जात, शेपटीला झुबका असलेला, उड्या मारत पळणारा. त्याला दाट गवताची अडचणच होते, मोकळ्यावर तो खूश. पण त्याच्याही बिळापासून चार उड्यांवर एखादं झुडूप, एखादा ठोंब असायचाच. मोकळ्यावर हिंडणाऱ्यालाही दडायला जागा लागते. इतकी साधी गोष्ट. ती कागदावर सिद्ध करायला मी बसचे धक्के खात होते.

तात्यांच्या घरात माझ्या कामाला फार मान होता. खंडेनवमीला त्यांनी कोयते, विळे, नांगराचा फाळ मांडून पूजा केली, तेव्हा मावशींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, माझे चाळीसही पिंजरे ओळीने मांडले. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. "तुजं हत्यार हाय ते," त्या म्हणाल्या. मला गलबलून आलं. पुढचे दोन दिवस एकही उंदीर आत शिरला नाही, हळदीच्या वासाने असेल कदाचित. मी ते सगळे पिंजरे विहिरीवर घासून काढले आणि मावशींना काही बोलले नाही. तेव्हा मला गप्प बसणं जमलं होतं. दोन महिन्यांनी जमलं नाही.

तात्यांचीही एक पद्धत होती. मी काट्यावर वजनं घेत असले की ते बाजूला उकिडवे बसून बघायचे. एकदा म्हणाले, "ताई, एवढा खटाटोप कशाला? चुलीतली राख चाळून बिळापुढं पसरायची. सकाळी जाऊन बघायचं. कोन आलं, कोन गेलं, समदं दिसतंय त्यात." आणि त्यांनी करून दाखवलं. करड्या राखेवर इवलीशी पावलं, मध्ये शेपटीची रेघ. कोणतं बारक्याचं, कोणतं झुबकेवाल्याचं, ते न चुकता सांगायचे. मी हसून म्हटलं, "तात्या, राखेवरचं शास्त्रात चालत नाही." ते म्हणाले, "नाय चालत तर नाय."

मार्गशीर्षात सरांचं पत्र आलं. येत्या रविवारी गाडीने येतो, जागा प्रत्यक्ष पाहतो. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. हुशार, कोरडे, आणि त्यांच्या तोंडून 'बरं आहे' निघालं तर विभागात पेढे वाटावेत अशी परिस्थिती. मी तात्यांना निरोप पाठवला : सर येताहेत, माळ बघायला. एवढाच निरोप. त्याहून एक शब्द जास्त पाठवला असता तर आज हे लिहायला बसले नसते.

रविवारी सकाळी सरांच्या गाडीतूनच गेले. वस्तीपाशी उतरलो तेव्हा अंगणात सडा, रांगोळी, बाजेवर धुतलेली चादर. घरातून मासवडीच्या रश्श्याचा खमंग वास. मावशी ठेवणीतल्या लुगड्यात. तात्यांनी टोपी बदललेली. "चला सायेब," ते म्हणाले आणि आम्हाला माळाकडे घेऊन निघाले. वाटेवरचे काटे झाडून बाजूला केलेले होते. चढ संपला आणि मी बघितलं.

राखलेला तुकडा कापलेला होता. सगळा. मुळापासून. गडी लावून दोन दिवस विळे चालवले होते, खाली पडलेली काडी न् काडी खराट्याने गोळा केली होती. लख्ख मुरूम. त्यावर माझे वीस पिंजरे होते तिथेच ठेवलेले, आणि प्रत्येक पिंजऱ्याभोवती पांढऱ्या रांगोळीचा चौकोन. कोपऱ्यांवरच्या दगडांना नवा चुना.

"बघा ताई," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा फुललेला. "कसं केलंय. सायेब येनार म्हनल्यावर असं घान ठिवायचं व्हय? लोकं म्हनतील, तात्याच्या रानात हातभर गवत अन् पाव्हन्याला त्यात चालिवलं."

पाहुणा येणार म्हणून त्यांनी घर सारवलं, अंगण झाडलं, आणि त्याच हाताने माझा माळ झाडला. त्यांच्या दृष्टीने यात वेगळं काही नव्हतं. एक साल गवत राखायचं म्हणून राखलं, आता साहेबच बघायला येताहेत म्हणजे काम पुरं झालं असणार. हा हिशेब आज मला कळतो, तेव्हा कळला नाही.

सर दोन्ही तुकड्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, "वा. दोन्ही अगदी सारखे. आता तुलना कशाची करणार आपण? तुमची आणि माझी?"

आणि मी तात्यांवर तुटून पडले. सरांना काही म्हणता येत नव्हतं, म्हणून सगळं तात्यांवर. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? विचारायचं नाही? तीन महिन्यांचं वाटोळं केलंत! तुम्हा अडाणी लोकांना काही कळतं का?" अडाणी. हा शब्द मी वापरला. पन्नाशीच्या माणसाला, ज्याने एक साल आपलं गवत माझ्यासाठी सोडलं होतं त्याला, त्याच्या बायकोसमोर, त्याच्याच माळावर. तात्यांनी टोपी काढून हातात धरली, एवढंच. मावशी म्हणाल्या, "जेवून तरी जा गं बाई." मी पिंजरे पोत्यांत भरले, गाडीत टाकले आणि आले. सरांनी जेवायला थांबूया असं सुचवलं होतं, पण मीच नको म्हटलं. मासवड्या तशाच राहिल्या.

तीन आठवड्यांनी एका दुपारी आमच्या कर्वेनगरच्या दारात तात्या उभे. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत आलेले. हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी. आईने चहा टाकला. ते खुर्चीच्या कडेला टेकले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुमी गेल्यावर म्या पाच दिवस बघितलं. राख टाकून. दर सकाळी जात हुतो. पयल्या दिवशी काय नाय. दुसऱ्या दिवशी काय नाय. तिसऱ्या दिवशी एक कुत्रं गेलेलं. मंग परत काय नाय. पाच दिवस एक पाऊल नाय उंदराचं त्या रानात. पन बांधाच्या कडंला गवताचा पट्टा ऱ्हायलाय ना हातभर, तिथं हाईत. लई हाईत. समदे तिथं येऊन बसल्यात." मग म्हणाले, "तुमच्या कामाला येतंय का बघा."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "राखेवरचं चालत नाही, तात्या. सांगितलं होतं तुम्हाला."

"हां. सांगितलं हुतं," ते म्हणाले. चहा संपवला आणि गेले. माझी नोंदींची वही टेबलावर, त्यांच्या हाताच्या अंतरावर पडलेली होती. मी ती उघडली नाही.

सर म्हणाले, पुढच्या हंगामात नव्याने करा. पुढच्या हंगामात माझं लग्न ठरलं. मग मी विषय बदलला, प्रयोगशाळेतल्या झुरळांवर एम.फिल. उरकली आणि तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. अशीच एका वर्षी फळ्यावर लिहीत होते : एखाद्या घटकाचा परिणाम समजायचा तर तो घटक काढून टाका आणि काय बदलतं ते पाहा. काढून टाका. खडू तिथेच थांबला. तीन महिने ज्या तुकड्यातले उंदीर मी मोजत होते, त्याच तुकड्यातलं गवत, आणि फक्त गवत, कोणीतरी दोन दिवसांत काढून टाकलं होतं. जमीन तीच, बिळं तीच, पिंजरे तेच. त्या संध्याकाळी मी नुसते पिंजरे मांडायचे होते. उजाडताना वीस रिकामे डबे उघडायचे आणि वीस वेळा शून्य लिहायचं. कशाला हवी होती शेजारच्या तुकड्याशी तुलना? माझ्या हातात जे आयतं पडलं होतं त्याच्यावर मी आरडाओरडा करून, पोत्यात भरून निघून आले होते. आणि जे मी केलं नाही ते तात्यांनी केलं. पाच दिवस. राख चाळून. माझ्यासाठी.

"मॅम, पुढे?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. पुढे मी काहीतरी शिकवलं असणार.

वही अजून आहे. मार्गशीर्षातल्या त्या रविवारआधीच्या मुक्कामापर्यंतची पानं भरलेली आणि पुढची कोरी. कोऱ्या पानाचा अर्थ इतकाच होतो की बाईंनी पाहिलं नाही. शून्याचा अर्थ वेगळा. पाहिलं, आणि तिथे कोणी नव्हतं. शास्त्रात या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो मी वर्षानुवर्षं मुलांना समजावत आले. काय उपयोग.

मी लोणीला परत गेले ते फार उशिरा. तात्या नव्हते, मावशीही नव्हत्या. माळावर गोदामं झालेली, पत्र्याची, निळी. बांध कुठे होता तेही सांगता येईना.

तर या वर्षी मेसेज आला आणि मी ठरवलं, बोलायचं. या टेकडीचा एक उतार आहे, सोसायटीच्या मागे, जिथे अजून कुसळी आणि पवन्या गवत कमरेपर्यंत वाढतं. तिथे कापशी येते हे मी चार हिवाळे बघते आहे. म्हणजे खाली रस्ते आहेत. श्रमदानाचा पुढारी निखिल, आमच्याच बिल्डिंगमधला, आयटीतला, चाळिशीचा. स्वभावाने इतका गोड की त्याच्यावर चिडणंसुद्धा कष्टाचं काम. त्याला लिफ्टपाशी गाठलं.

"काकू, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे," तो म्हणाला. "पण ड्राय ग्रास म्हणजे फायर हॅझर्ड ना. आणि उंदीर वाढले तर सोसायटीत येणार."

"अरे, ते वेगळे. ते टेकडीवरचे आहेत. त्यांना तुझ्या किचनमध्ये काडीचा रस नाही. तुझ्याकडे येतो तो तुझ्या कचऱ्याच्या डब्यामुळे येतो. आणि आगीची भीती असेल तर कडेने पट्टा काढा, अख्खा उतार कशाला खरवडता?"

"राइट, राइट. पण प्लांटेशन करायचंय तिथे. शंभर रोपं ऑलरेडी आलीत. टेकडी ग्रीन करायचीय, काकू."

"ती आहेच रे हिरवी, जूनपासून दिवाळीपर्यंत. नंतर पिवळी असते. ती तशीच असायला हवी!"

लिफ्ट आली. "आपण बोलू यावर, डेफिनेटली," तो म्हणाला आणि दार मिटलं. मी तळमजल्यावर तशीच उभी. वॉचमन विचारतो, "मॅडम, बरं वाटत नाही का?" नाही वाटत, म्हटलं.

रविवारी ते गेले. मशीनचा आवाज गॅलरीत ऐकू येत होता. दुपारी मी वर जाऊन बघितलं. लख्ख. अगदी तसंच. खड्ड्यांच्या सरळ रेषा, प्रत्येक खड्ड्याभोवती दगडांचं गोल कडं. वरच्या बाजूला मात्र एक पट्टा उभा राहिला होता, दोन खोल्यांएवढा. निखिलला विचारलं, हा माझ्यासाठी ठेवलात का रे? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही काकू, मशीनचं पेट्रोल संपलं. नेक्स्ट संडे करतो."

या वेळी मी ओरडले नाही. घरी आले, माळ्यावरून जुन्या ताटल्या काढल्या, बाजारातून रांगोळी आणली. राख आता कोणाकडे असते? रांगोळी चाळणीने चाळली आणि ताटल्यांत पसरून हाताने सपाट केली. उजेड असतानाच वर गेले, चार ताटल्या कापलेल्या उतारावर आणि दोन त्या उभ्या पट्ट्यात. प्रत्येकीच्या मध्ये चिमूटभर शेंगदाण्याचा कूट. सकाळी पुन्हा वर. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुरू देत. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी.

कापलेल्या उतारावरच्या चारही ताटल्या संध्याकाळी सपाट केलेल्या, तशाच. बुधवारी एकीत कुत्र्याचा पंजा, कूट फस्त. बाकी काही नाही. पट्ट्यातल्या दोन्ही ताटल्या पाचही दिवस पावलांनी भरून गेलेल्या, एकावर एक, मध्ये शेपट्यांच्या रेघा. सगळे तिथे येऊन बसले होते.

शुक्रवारी निखिल पळायला आलेला दिसला. "काकू, रांगोळी? इकडे? काही पूजा वगैरे?" मी त्याला हाताला धरून आधी उतारावरची ताटली दाखवली, मग पट्ट्यातली. तो खाली बसला. बराच वेळ बघत राहिला. "इतके छोटे?" म्हणाला. मोबाइल काढला, फोटो घेतला. मग उठून पँट झटकली. "बट काकू, संडेचा मेसेज गेलाय ऑलरेडी. लोक येणार आहेत. बघतो मी." बघतो म्हणाला. खरंच बघेल की नाही, मला माहीत नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी बघतो म्हटलं त्यांचा अनुभव काही उत्साहाचा नाही. रविवारी सव्वासहालाच मी त्या पट्ट्यापाशी जाऊन उभी राहणार आहे, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

घरी येऊन वही काढली. पानं पिवळी झालीत, रकाने मात्र मी तेव्हा पट्टीने आखलेले स्वच्छ आहेत. ठिकाण, तुकडा, किती सापडले, शेरा, निरीक्षक. माझ्या या आठवड्यातल्या नोंदी मागाहून लिहायच्या असं ठरवलं, कारण त्यांच्या आधी दुसऱ्या नोंदी राहिल्या होत्या. पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं : लोणी काळभोर, कापलेला तुकडा. पहिला दिवस, शून्य. दुसरा दिवस, शून्य. तिसरा दिवस, शून्य. शेऱ्यात, 'एक कुत्रं गेलेलं'. चौथा, शून्य. पाचवा, शून्य. खाली, बांधाकडेचा पट्टा : 'लई हाईत'. साधन : चाळलेली राख.

मग शेवटच्या रकान्यात, निरीक्षक म्हणून, पाचही ओळींत तात्यांचं पूर्ण नाव लिहिलं.